चमच्याची कड

इनास, काल तू गेल्याच्या महिन्याचं जेवण उशिरा झालं. उशिराचं कारण मी होतो.

चर्चमधली मिस्साची प्रार्थना शुक्रवारी झाली. सध्या तुमचा उपवासकाळ चालू आहे आणि त्यातल्या शुक्रवारी तुमच्याकडे मांस शिजत नाही, म्हणून जेवण शनिवारवर गेलं. शुक्रवारीच डाळभात वाढून मोकळं व्हावं, असं कुणीतरी सुचवलं होतं. फिलोमिना वहिनींनी ते चालू दिलं नाही. "सगळं आयुष्य मांस तपासण्यात गेलं त्यांचं, आणि त्यांच्या नावानं डाळ वाढू?" एवढं म्हणून त्या उठून गेल्या. शनिवार ठरला. पदार्थ ठरवायची गरजच नव्हती. बैलाच्या पायाचं मांस, वसईचा बाटलीमसाला आणि बहारीनमधल्या झिंजच्या तुमच्या स्वयंपाकघरातला जाड बुडाचा टोप. फक्त टोपासमोर तू नव्हतास. तुझी मुलगी रेनिशा उभी होती.

पाहुणे बसलेले असताना मी "अजून नाही" म्हणालो. ते का, हे तुला सांगायला नको. तरी क्रमानं लिहितो. दुसऱ्या पद्धतीनं मला लिहिता येत नाही.

आपली ओळख एका चुकीवरून झाली. मी ज्या इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होतो, त्याच्या खाण्यापिण्याच्या पानावर एक वाक्य गेलं होतं: चरबी कमी असली की मांस चिवट लागतं. तू दुपारी फोन केलास. मांस आयात करणाऱ्या कंपनीत दर्जा तपासतो, असं सांगितलंस आणि वाक्य चूक असल्याचं ठणकावलंस. चिवटपणा येतो तो मुख्यतः स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या धाग्यांमुळे, असं तुझं म्हणणं. बोलणं इंग्रजीत सुरू झालं, हिंदीत आलं, आणि माझी हिंदी ऐकून तू थांबलास.

"मराठी का?"

"हो. पुणे."

"वाटलंच. एका ओळीच्या दुरुस्तीला पुरावा मागताय."

"आणि तुम्ही?"

"वसई. आम्ही पुरावा जेवायला वाढतो. शनिवारी घरी या."

मी बीफ खात नाही, असं मी सांगितलं. तू म्हणालास, "उत्तम. मग तर याच."

मी आलो. वहिनींनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात अंड्याचं कालवण केलं होतं. वाढायच्या आधी तू मला आत बोलावलंस, टोपातला एक तुकडा बशीत काढलास आणि माझ्या हातात एक चमचा दिलास.

"खायचं नाही. कड टेकवायची आणि हलकं दाबायचं. जोर लावायचा नाही. चमचा सहज आत गेला तर झालं, अडला तर नाही."

"मीच का? घरात खाणारी माणसं आहेत की."

"खाणारा भुकेला असतो. त्याला वास आला की सगळं मऊ वाटतं. तुम्हाला यातलं काही नकोय. म्हणून तुमचा शब्द धरायचा."

मला ही थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. तुझ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत एक यंत्र होतं. शिजलेल्या मांसाची गोल कांडी त्यात ठेवायची, वरून पातं उतरायचं आणि कांडी कापायला किती जोर लागला ते आकड्यात दिसायचं. "ते यंत्रही जेवत नाही," तू म्हणालास. "कंपनीत ते, घरी तुम्ही." त्या दिवशी चमचा अडला. मी तसं सांगितलं. पोरं भुकेनं रडकुंडीला आली होती, तरी तू टोपावर झाकण ठेवलंस आणि माझ्याकडे अशा आदरानं पाहिलंस, जशा आदरानं संपादकांनी माझ्याकडे कधी पाहिलं नाही.

जेवण झाल्यावर तू तो चमचा धुतलास आणि त्याच्या दांड्याला दोऱ्याचा तुकडा बांधलास. मांसाची गुंडाळी बांधायला वापरतात तो पांढरा, सुती दोरा. हा चमचा माझ्या जेवणाच्या चमच्यांत कधी मिसळू नये म्हणून. मी तसं काही मागितलं नव्हतं. मनातही आणलं नव्हतं, असं मात्र म्हणणार नाही. तू ते ओळखलंस आणि त्यावर एक शब्द न बोलता दोरा बांधलास. चमच्याची जागा खणाच्या डाव्या कोपऱ्यात झाली. शनिवारची माझी जागा टोपाशेजारी.

मांसाविषयी मला जे काही कळतं ते तुझ्याकडून, आणि त्यातलं बरंच माझ्या घरी. जुफैरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी विचारलं होतं की हे धागे नेमके असतात कुठे. तू उठलास, बेसिनपाशी जाऊन हात धुऊन आलास, आणि मग देवघरापुढचा उदबत्तीचा पुडा उचललास. हात धुतल्याचं माझ्या बायकोनं पाहिलं. तुझ्याविषयीचं तिचं मत तिथेच पक्कं झालं.

"ही काडी म्हणजे स्नायूचा एक तंतू," तू म्हणालास. "प्रत्येक काडीला पातळ कागद गुंडाळलाय असं समज. अशा काड्यांची एक जुडी, तिच्याभोवती जाड कागद. अशा जुड्यांचा खोका, त्याच्यावर आणखी जाड पुठ्ठा. हे सगळे कागद म्हणजे तुझे जोडणारे धागे. काडी मोडायला सोपी असते. खोका मोडून दाखव."

"माझे कशाला? तुझे धागे."

"तुझेच. तूच चुकीचं छापलंस."

"मी छापलं नव्हतं. माझ्या पानावर नव्हतं ते."

"पुणेकर जबाबदारी कशी झटकतात बघा, वहिनी."

तोवर 'तुम्ही' गळून पडलं होतं. नेमकं कधी, ते मला आठवत नाही.

जो स्नायू राबतो त्यात कागद जास्त, हे तू शिकवलंस. पाय, मान, खांदा. पाठीच्या आतल्या बाजूच्या ज्या मांसाला खाटीक अंडरकट म्हणतात, ते फारसं राबत नाही, म्हणून लवकर शिजतं आणि महाग विकलं जातं. तुझा त्याच्यावर राग होता. "आळशी मांस," तू म्हणायचास. "त्याला चव कुठून येणार? त्यानं केलंय काय?" माझ्या मते हा शास्त्राचा नव्हे, स्वभावाचा मुद्दा होता. ते मी तुला अनेकदा सांगितलं आणि तू अनेकदा विषय बदललास.

एक गोष्ट ऐकून मी चकित झालो होतो. माझी समजूत होती की जनावर म्हातारं झालं की त्याच्यातले धागे वाढतात. तू म्हणालास, धागे फारसे वाढत नाहीत, गाठी वाढतात. वय होतं तशी एका धाग्याची दुसऱ्याशी सांधणी पक्की होत जाते, आणि ती उष्णतेला सहज दाद देत नाही. वासराचे धागे पाण्यात लवकर विरघळतात. थोराड बैलाचे विरघळायला वाट पाहावी लागते. किती, ते कुणी आधी सांगू शकत नाही. रेनिशा शाळेत असताना एकदा टोपाशेजारी मोबाइलवर वेळ लावून उभी होती. तू तो बंद केलास आणि म्हणालास, "घड्याळाला गुराचं वय माहीत नसतं." तिनं इंग्रजीत विचारलं की मग माहीत कुणाला असतं. तू माझ्याकडे बोट दाखवलंस. "अंकलला. त्यांच्या चमच्याला."

उपवासकाळात तू हे मांस गुरुवारी शिजवायचास. शुक्रवारी खायचं नाही, म्हणून ते शनिवारपर्यंत फ्रिजमध्ये राहायचं. शनिवारी झाकण काढलं की रस्सा थिजलेला असायचा. तू वाटीभर काढून वाटी सरळ पालथी करायचास. रस्सा पडायचा नाही, नुसता थरथरायचा. "बघ," तू म्हणायचास, "मांस चिवट करत होतं ते हेच. जो धागा अडवत होता तोच आता रस्सा धरून ठेवतोय." तू त्याचा आणखी काही अर्थ काढायचा नाहीस. मीही काढत नाही. पालथी वाटी धरलेला तुझा हात मात्र दिसतो.

आणि कुकर. तो वाद मिटला नाही.

मी म्हणायचो, धागे विरघळायला उष्णता लागते, कुकरमध्ये ती जास्त असते, मग मंद आचेवर अर्धा दिवस घालवायचा कशाला? तू म्हणायचास, धागे विरघळतात हे खरं, पण तेवढ्या उष्णतेत तंतू आवळतात आणि त्यातलं पाणी पिळून निघतं. मऊ होतं, पण कोरडं होतं. मी म्हणायचो, पुरावा? तू म्हणायचास, खाऊन बघ. मग तुलाच काय बोललास ते कळायचं आणि तू हसायचास. मी म्हणायचो, म्हणजे पुरावा नाही. वहिनी म्हणायच्या, "भावजी, हे भांडण वसई-पुण्याचं आहे, मांसाचं नाही."

शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "यल्ला, चल, एकदाच काय ते ठरवू. शनिवारी तुझा मोठा कुकर घेऊन ये. एकाच जनावराचा, एकाच पायाचा तुकडा. अर्धा माझ्या टोपात, अर्धा तुझ्या कुकरमध्ये. निकाल चमचा देईल."

"चमचा मऊपणा सांगेल. कोरडेपणा कोण सांगणार?"

"त्याचं बघू काहीतरी," म्हणालास. "इंशाल्ला."

तो शनिवार आला नाही. गुरुवारी तुझं हृदय थांबलं. पुढं तुला वसईला नेलं. मी विमानतळापर्यंत आलो, माल उतरवतात त्या बाजूला, जिथं तुझ्या नोकरीचा अर्धा काळ गेला होता. शीतगृहाच्या गाड्या उभ्या होत्या. तुला ओळखणारा एक बहारीनी चालक आपल्या गाडीतून उतरून बाजूला उभा राहिला, तू आत जाईपर्यंत.

इतक्या शनिवारांत तू मला एकदाही खाण्याचा आग्रह केला नाहीस. गमतीतही नाही. मी पाहुण्यांना पाहिलं आहे, दोन घोट पोटात गेले की "अरे, एक तुकडा, काय होतंय" म्हणणारे. तू त्यांना तिथेच थांबवायचास: "तो खायला लागला तर आमचं यंत्र बिघडेल." सगळे हसायचे आणि मी सुटायचो. ही सबब माझ्यासाठी रचलेली होती की तुला खरंच तसं वाटायचं, हे मी कधी विचारलं नाही. बातमीदारानं विचारायला हवा असा तो सरळ प्रश्न होता. विचारला असता तर तू काहीतरी चेष्टा केली असतीस. आता दोन्ही उत्तरं मी खरी धरून चालतो.

आता कालचं.

रेनिशानं सकाळीच टोप चढवला होता. दुपारी घर भरलं. वहिनींचा भाऊ रॉबर्ट आला होता, जुफैरच्या एका हॉटेलात मेजवान्यांचं काम बघतो तो. त्याला संध्याकाळच्या शिफ्टला जायचं होतं. भात झाला होता, खबूस रोटी कापडात गुंडाळून ठेवली होती. माझं अंड्याचं कालवण वेगळ्या भांड्यात होतं. ते पाहून मला जरा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

रेनिशा दारात आली. "अंकल, टेस्ट प्लीज."

तिचे डोळे सुजलेले होते आणि तिनं तुझा एप्रन घातला होता. बशीत तुकडा होता, शेजारी चमचा. मी कड टेकवली आणि दाबलं. वरचा थर सुटला. आत, मधल्या पांढऱ्या पट्ट्यापाशी चमचा अडला. पुन्हा, दुसऱ्या जागी. पुन्हा अडला.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला वडिलांच्या जेवणात एकच गोष्ट हवी होती, हा टोप बरोबर व्हावा. ते मला माहीत होतं आणि बाहेर सगळे भुकेले होते. "झालं" म्हणणं अगदी सोपं होतं. चटपटीत रश्शात कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"अजून नाही," मी म्हणालो.

"नॉट यट? पण अंकल, लास्ट टाइम एवढ्याच वेळात झालेलं."

"हो. पण आज नाही झालं."

रॉबर्ट आत आला. "काय झालं? वाढा की आता. लोक बसलेत."

"मामा, इट्स नॉट डन."

"शिजलंय गं पोरी. एवढं कोण बघतंय? दात आहेत सगळ्यांना." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुम्ही खाणारच नाही, आणि तुम्हीच अडवताय?"

वहिनी कट्ट्याशी कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणूनच."

रॉबर्टनं हात वर केले. "बरं, मग कुकर लावा. घरात आहे ना?"

"डाळीचा आहे, छोटा. एवढं मावणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"कुणाकडे मोठा असेल शेजारी?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला खोटं बोलता येत नव्हतं आणि गप्प बसणंही खोटंच झालं असतं.

"माझ्या गाडीत आहे," मी म्हणालो.

"गाडीत?" रॉबर्टचा चेहरा खुलला. "मग आणा की, देवमाणूस! वाट कसली बघताय?"

रेनिशा मात्र माझ्याकडेच बघत होती. "व्हाय इज इट इन द कार, अंकल?"

मी सांगितलं. तिच्या वडिलांनी आणायला सांगितला होता, टोप आणि कुकरचा सामना लावायला, त्या शनिवारी. मी बुधवारीच गाडीत ठेवला होता. नंतर काढला नाही.

इनास, आमच्या धंद्यात एक नियम असतो. दुसरी बाजू मिळाली नसेल तर बातमी सोडायची नाही. तू नसताना तुझ्या टोपातलं मांस माझ्या कुकरमध्ये घालणं, तेही तुझ्याच जेवणाला, म्हणजे एकाच बाजूनं निकाल लावणं. हे मी बोललो नाही. बोलायचा अधिकार त्या स्वयंपाकघरात माझा नव्हता. तिचा होता.

तिनं चिमटा घेतला, टोपातून नळीचं हाड वर काढलं आणि त्याचं टोक धरून ओढून पाहिलं. तू शिकवलेलं. कोवळ्या जनावराच्या हाडाचं टोक शिजलं की सुटून येतं. हे हललंसुद्धा नाही, हाडाशी एकजीव झालेलं. थोराड बैल. तिनं हाड परत सोडलं, आच कमी केली, टोपावर झाकण ठेवलं.

"नो. कुकर इज फॉर द मॅच," ती म्हणाली. आणि मग मामाकडे वळून, मराठीत, तुझ्याच ढंगात: "घड्याळाला गुराचं वय माहीत नसतं, मामा."

रॉबर्टनं तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढली आणि बसला. खिशातून फोन काढून शिफ्टला उशीर होईल असं कळवलं, हिंदीत, "घर में डेथ का खाना है, अभी पका नहीं." पलीकडच्या माणसानं काय उत्तर दिलं कोण जाणे, पण रॉबर्टला हसू आलं आणि त्याच्यामागून वहिनींना आलं. महिनाभरात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

लोकांना खबूस आणि लोणचं देऊन बसवलं. वाट पाहायची म्हणून माणसं बोलू लागली आणि बोलणं तुझ्यावर आलं. शीतगृहात तू हातमोजे काढून मांसाला बोटानं दाबायचास आणि वरच्या साहेबाची बोलणी खायचास, हे मला ठाऊक नव्हतं. वेळेवर जेवलो असतो तर ते ठाऊक झालं नसतं. लोक खाऊन, हात धुऊन, गाड्यांच्या किल्ल्या शोधत निघून गेले असते.

दुसऱ्यांदा तिनं मला हाक मारली नाही. बशी घेऊन समोर आली आणि उभी राहिली. मी कड टेकवली. दाबायची वेळच आली नाही. चमचा बशीला लागून वाजला.

"झालं," मी म्हणालो.

तिनं एप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि पातेल्यातला भात वाढायला घेतला.

मी माझं कालवण खाल्लं. कोरडेपणाचा प्रश्न शिल्लकच आहे, पण रॉबर्टनं तीनदा मागून घेतलं आणि शेवटी खबुशीनं ताट पुसलं, एवढं मी नोंदवतो. तो शिफ्टला फारच उशिरा गेला.

सगळे गेल्यावर मी स्वयंपाकघरात तो चमचा धुवायला घेतला. तो नेहमी तू धुवायचास. दांड्याचा दोरा मसाल्यानं आणि हळदीनं तपकिरी झालेला, विटलेला, इतकी वर्षं माझ्या नजरेत तसाच बसलेला होता. दुपारपासून दोनदा मी चमचा हातात धरला होता आणि दोरा पाहिला नव्हता. साबणाच्या फेसातून तो वर आला तेव्हा पांढरा होता.

वहिनी मागं उभ्या होत्या. "जुना कुजला होता, भावजी," त्या म्हणाल्या. "रेनिशानं आज सकाळी नवा बांधला. टोप चढवायच्या आधी."

मी चमचा पुसला आणि खणाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. खाली येऊन गाडीत बसलो. इनास, कुकर मी गाडीतून काढलेला नाही.